रोलर दुकानांकडेही वळवा

संपादक महोदय,

पोलिसांनी गाड्यांच्या जप्त केलेल्या कर्णकर्कश सायलेन्सरवर रोलर फिरवल्याचे फोटो छापून येतात. दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक माझ्या गॅरेजात हजर: ‘मिस्त्री, सायलेन्सरमधली जाळी काढा, पिकअप वाढवा.’ कार्ब्युरेटरवाल्या जुन्या बुलेटला मोकळा सायलेन्सर लावून मेन जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक नळी) तोच ठेवला, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. प्लग काढून बघा, टोक पांढरेफटक. इंजिन तापते, पुढे पिस्टन जाम. यामाहाच्या आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाडीचे तर वेगळेच. टू-स्ट्रोकला सायलेन्सरच्या पोटातून उलटी येणारी दाबाची लाट पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये रोखते. आतून पोकळ केला, की आवाज वाढतो आणि ओढ जाते! पण पोरांना पटेल तर शपथ. पोलिसांनी असे कर्णकर्कश सायलेन्सर राजरोस विकणाऱ्या दुकानांवरही कारवाई करावी.

— एक गॅरेजवाला, मिरज