होबार्टमधील रिकामे पिंजरे

महोदय, बंद पडलेल्या प्राणिसंग्रहालयांचा विषय निघाला की मला ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील होबार्ट शहराचे ब्यूमॅरिस प्राणिसंग्रहालय आठवते. मेरी रॉबर्ट्स या बाईंनी १८९५ साली आपल्या घराच्या आवारात ते सुरू केले आणि बंदिवासात टास्मानियन डेव्हिल या पोटाशी पिशवी असलेल्या मांसाहारी प्राण्याची वीण यशस्वी करून दाखवली, हे आज फारसे कुणाच्या ध्यानात नाही. पुढे नगर परिषदेने ते चालवायला घेतले. सिंह, बिबटे, ध्रुवीय अस्वल असे पाहुणे प्राणी तिथे आले. लोकांच्या स्मरणात मात्र थायलसिन, म्हणजे टास्मानियन वाघच राहिला. पाठीवर काळसर पट्टे आणि पिल्लांसाठी पोटाशी पिशवी असलेला हा प्राणी नावाने वाघ, दिसायला कुत्र्यासारखा आणि नात्याने टास्मानियन डेव्हिलच्या जवळचा. १९३३ साली तिथे टिपलेल्या मूक चित्रफितीत तो पिंजऱ्यात येरझाऱ्या घालतो आणि मधेच भलामोठा जबडा वासतो. चित्रण करणाऱ्या डेव्हिड फ्ले यांना तो चावलाही होता (मला तर त्यात त्याचीच बाजू पटते). १० जुलै १९३६ रोजी या प्राण्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि ७ सप्टेंबरला तिथला अखेरचा थायलसिन मेला. पुढच्याच वर्षी प्राणिसंग्रहालयालाही टाळे लागले.

– एक वाचक