पोटातलं बाळ पट्टा पडायची वाट बघत नाही

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातली अंगणवाडी सेविका. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटली की ओढ्याकडेच्या पडीक रानात बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या खोपी पडतात, त्या पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत. गेल्या हंगामात तिथं विशीतली एक पोरगी भेटली. दोन महिने पाळी नव्हती, पण कुणाला सांगितलेलं नव्हतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची मजुरी एकत्रच धरायची. तिनं खाडे केले तर मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फिटायची कशी? मी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, पण देताना मलाच ओशाळल्यागत झालं. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आसपास मिटते. ती नीट मिटावी म्हणून ही गोळी आधीपासून चालू हवी, म्हणजे टोळी गाव सोडायच्याही आधी.

शेजारच्या खोपीत नऊ महिन्यांचं पोर झोळीत. आई-बाप पहाटेच फडात, राखायला पाच वर्षांची बहीण. मी पदराआडून ‘बुवा... कुक!’ केलं तर त्यानं ओठ काढून भोकाडच पसरलं. (अनोळखी माणसाला या वयात भ्यायचंच, वाढ नीट चालल्याची ती खूण.) मग बहिणीनं फडकं तोंडावर धरलं, तसं खिदळायला लागलं. दिसेनासं झालेलं माणूस परत येतं, हे त्याला उमगू लागलंय. जन्मताना मेंदू मोठ्या माणसाच्या साधारण पाव असतो, दोन वर्षांत पाऊणभर होतो. त्यासाठी त्याच्या ‘आं-ऊं’ला कुणीतरी ओ द्यावी लागते. ती बहीण तिच्या परीनं देत होती. पण सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही आणि ताटलीत होतं चहात भिजवलेलं बिस्कीट. कुपोषण मोजायची पट्टी दंडाला लावली, पिवळ्यात आली, म्हणजे मध्यम कुपोषण. आहाराची पाकिटं मागितली तर वरून उत्तर आलं, ‘नाव त्यांच्या गावच्या यादीत आहे, तिकडं मिळेल.’ तिकडं म्हणजे तीनशेहून जास्त किलोमीटर.

कुठली टोळी कुठल्या फडावर आहे, हे कारखान्याच्या शेती खात्याला रोज ठाऊक असतं. ती यादी आम्हाला द्यायला लावा. हंगामापुरती एक सेविका आणि पाळणाघर खोपींपाशी द्या. आणि दसऱ्याआधी, टोळ्या निघायच्या आत, त्यांच्या गावातच सुनांच्या हातात गोळ्या पडू द्या.

पट्टा पडला तेव्हा त्या पोरीला सातवा लागला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या गोणीला टेकून गेली. बाळंतपण कसं झालं, विचारायचं कुणाला? माझ्या रजिस्टरात तिचं नाव नव्हतंच.

आपली,
एक अंगणवाडी सेविका