नाताळच्या सुट्टीत ताज पहाटे नको, दुपारी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या सुट्टीतल्या दिल्ली-आग्रा सहलींच्या जाहिराती सुरू झाल्या आहेत. बहुतेकांचा आग्र्याचा दिवस ठरलेला असतो: पहाटे ताजमहाल, दुपारी जेवण आणि खरेदी, संध्याकाळी यमुनेपलीकडची मेहताब बाग. उन्हाळ्यात हा क्रम शहाणपणाचा आहे. डिसेंबरअखेरीस मात्र खरेदी सकाळी उरका आणि दुपार ताज आणि बागांसाठी ठेवा.

कारण धुकं. थंडीत तिकडे रात्री आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो आणि यमुनेच्या काठी पाणी दिलेली गव्हाची शेतं पसरलेली असतात. जमीन झपाट्याने निवते आणि धुकं तिथंच बसून राहतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कित्येक दिवस ते दहा-अकराशिवाय हलत नाही. अंधारात उठून रांग लावणाऱ्यांना मोठ्या दरवाजातून आत शिरल्यावर पांढऱ्या पडद्यापलीकडे काहीच दिसत नाही. ताजचं तिकीट तीनच तास चालतं, त्यामुळे ‘थांबू, जाईल धुकं’ हा हिशेबही फसतो.

बारानंतर आत जा. हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडून खालून चालतो. बागेतून ताजकडे पाहताना तो आपल्या पाठीशी येतो आणि समोरची बाजू पूर्ण उजळते. बाग पाहायला भारतीयांना 50 रुपयांचं तिकीट पुरतं. संगमरवरी चौथऱ्यावर चढून कबरीच्या दालनात जायचं असेल तरच आणखी 200 रुपये. वर बूट चालत नाहीत, पायात आवरण घालावं लागतं. दगड बर्फासारखा गार असतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांना जाड मोजे द्या. डबा हॉटेलवरच ठेवा, खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत. समोरची सपाट हिरवळ मुघलांची नव्हे, ती इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या काळातली. मूळ बाग झाडाफुलांनी गच्च होती. थंडीत दूर्वा पिवळी पडते, तेव्हा माळ्यांना दोष देऊ नका.

मेहताब बागेबद्दल जाहिराती सरळ दिशाभूल करतात. ‘सूर्यास्ताच्या सोनेरी प्रकाशात ताज’ हे चित्र डिसेंबरात तिथून मिळत नाही. नदीपलीकडून आपल्याला ताजची उत्तरेकडची बाजू दिसते आणि या दिवसांत तिच्यावर थेट ऊन पडतच नाही. उजव्या कडेला तेवढी केशरी रेघ येते, बाकी सावली. छायाकृती हवी असेल तर सुंदरच. पण साडेचारपर्यंत पोहोचा, कारण सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, मुंबईपेक्षा अर्ध्या तासाहून अधिक आधी.

तिथं ताजकडे पाठ करून जरा बागही पाहावी. 1990च्या दशकातल्या उत्खननात इथं 25 कारंज्यांचा मोठा अष्टकोनी हौद निघाला. ताजचं प्रतिबिंब पडावं, अशा जागी तो आहे. 1652 मध्ये औरंगजेबाने शाहजहानला लिहिलेल्या पत्रात ही बाग पुराच्या पाण्यात बुडाल्याचा उल्लेख आहे. पुढच्या पुरांनी ती गाळाखाली गेली आणि तिचे अवशेष म्हणजे शाहजहानने पलीकडे बांधायला घेतलेल्या काळ्या ताजचा पाया, असं लोकांना वाटू लागलं. उत्खननाने ती लोणकढी थाप उघडी पाडली, तरी गाइड अजून सांगतात.

दिल्लीत धुक्याच्या सकाळी हुमायूनच्या कबरीशेजारचं जमिनीखालचं संग्रहालय पाहून घ्या. ते 2024 मध्ये उघडलं. बागेत अकरानंतर शिरा. या चारबागेची, म्हणजे पाटांनी चार भागांत विभागलेल्या मुघल बागेची, दुरुस्ती 2003 मध्ये पूर्ण झाली, तेव्हा सुमारे तीन किलोमीटरचे पाट पुन्हा बसवले गेले. त्यांचा उतार 40 मीटरला अवघा एक सेंटिमीटर! गवंड्याची दोरी जराशी चुकली तर पाणी तुंबणार किंवा उलटं फिरणार. हे डोळ्यांनी पडताळायचं तर पाटाच्या काठावर बसा, वाळकं पान पाण्यात टाका आणि ते किती सावकाश पण न अडखळता सरकतं ते बघा. मुलांना सनावळ्यांपेक्षा हे जास्त लक्षात राहील. मग लगतच्या 90 एकरांच्या ‘सुंदर नर्सरी’ या उद्यानात जेवायला जा.

फुलंच पाहायची असतील तर नाताळचा नाद सोडा. वाफ्यांत तेव्हा बरीचशी रोपंच असतात, बहर फेब्रुवारीत येतो. राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यानही साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांसाठी उघडतं. प्रवेश फुकट असतो, नोंदणी ऑनलाइन होते आणि सोमवारी बंद असतं. दिवाळीची सुट्टी पर्याय वाटेल, पण तेव्हा दिल्लीत धूर असतो. काश्मीरच्या निशात-शालिमार या मुघल बागांबद्दल तर बोलायलाच नको: जानेवारीत चिनार उघडेबोडके असतात आणि कारंजी बंद. तिथं बर्फासाठी जावं, बागेसाठी नव्हे.

सहल कंपन्यांना एवढीच विनंती, की कार्यक्रमपत्रिकेत ठिकाणापुढे तासही छापावा. आणि ताज शुक्रवारी बंद असतो, हे पाहून आग्र्याचा मुक्काम ठरवावा. यंदाच्या काही पत्रिकांत आग्र्याचा एकुलता एक दिवस शुक्रवारीच आहे.

– एक वाचक, पुणे