सईला, ग्रुप सोडल्यानंतर

सई बाळा,

ग्रुपवरचं सगळं वाचलं. तू एवढंच विचारलं होतंस की शेजारच्या देशांबरोबर जे काय चाललंय त्यावर सरकारने संसदेत नीट उत्तर का देऊ नये, आणि त्यावर काकांनी लिहिलं की अशा वेळी प्रश्न विचारणारे देशाचे नसतात, मग दोघातिघांनी झेंड्याचे इमोजी टाकले आणि तू ग्रुप सोडून गेलीस. फोनवर तू बोलायच्या मूडमध्ये नव्हतीस म्हणून लिहितेय. लांबलचक होईल, पण पूर्ण वाच.

तुझा प्रश्न बरोबर होता आणि वेळही बरोबर होती.

मे २०२५ मधली ती रात्र आठवते ना, ऑपरेशन सिंदूर चालू होतं, टीव्हीवर सारखे सायरन, लाल पट्ट्या, आणि नेव्हीने कराची बंदर उडवलं म्हणून अँकर ओरडत होते. सकाळी कळलं की असं काही झालंच नव्हतं. एकाही अधिकृत ब्रीफिंगमध्ये ते नव्हतं, तरी लाखो लोकांनी फॉरवर्ड केलं. शेवटी सरकारलाच चॅनेलवाल्यांना सांगावं लागलं की कार्यक्रमात ते सायरन वाजवू नका, लोकांना सवय झाली तर खरा भोंगा वाजल्यावर कोणी हलणार नाही. आणि शस्त्रसंधी झाल्यावर परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, जे रोज सरकारची बाजू मांडत होते, त्यांनाच गद्दार म्हणून शिव्या पडल्या, त्यांच्या मुलीला सुद्धा सोडलं नाही, त्यांना आपलं एक्स अकाउंट लॉक करावं लागलं. मला ते बघून फार वाईट वाटलं गं. म्हणजे सरकारच्या बाजूने बोलणारा माणूसही त्या गर्दीच्या मनासारखं बोलला नाही की देशद्रोही ठरतो, तिथे तुझी माझी काय कथा.

आता ६२ सालाचं सांगते, कारण काका नेहमी तेच काढतात की तेव्हा सगळा देश एक होता. एक होता हे खरंच, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. पण गप्प कोणी नव्हतं. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, आणि लढाई चालू असतानाच जनसंघाचे तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी यांनी मागणी केली की संसदेचं अधिवेशन लगेच बोलवा. नेहरूंकडे प्रचंड बहुमत होतं, नाही म्हणता आलं असतं, पण त्यांनी ८ नोव्हेंबरला अधिवेशन बोलावलं आणि आपल्या सरकारवरची टीका ऐकून घेतली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं ते तर काँग्रेसच्याच खासदारांनी आवाज उठवल्यामुळे. आणि मग त्यांच्या जागी कोण गेलं? आपले यशवंतराव! सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला म्हणून आपण छाती फुगवतो ना, तो धावू शकला कारण त्याच्या आधी कोणीतरी आपल्याच सरकारला जाब विचारला होता. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, याच नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. हे काकांना नक्की सांग.

त्याच काळातली दुसरी गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. कलकत्ता, आसाम, दार्जिलिंगकडची चिनी वंशाची कुटुंबं, कितीतरी जणांचा जन्मच इथला, सुमारे ३००० माणसं उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवली, म्हातारीकोतारी, लहान मुलं सगळी. काही जण वर्षानुवर्षं तिथेच. शत्रू कसा दिसतो हे एकदा लोकांच्या डोक्यात भरवलं की शेजारचा चांभार आणि दाताचा डॉक्टरही शत्रू दिसायला लागतो, आणि तेव्हा त्यांच्या बाजूने बोलायला फारसं कोणी उभं राहिलं नाही. तेव्हा एखादी सई तिथे असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत तर याहून भयंकर झालंय. १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकेच्या जहाजांवर दुसऱ्यांदा हल्ला झाला असं तिथल्या सरकारने सांगितलं, तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, पण त्याच्या जोरावर व्हिएतनामचं युद्ध वाढवायचा ठराव पास झाला. सिनेटमध्ये विरोधात फक्त दोन मतं पडली, मोर्स आणि ग्रुनिंग. दोघेही पुढची निवडणूक हरले आणि ५८ हजार अमेरिकन सैनिक त्या युद्धात गेले, व्हिएतनामी किती लाख गेले त्याचा तर धड हिशोबच नाही.

आणि परराष्ट्र धोरण म्हणजे दिल्लीतलं काहीतरी मोठं, आपल्याला काय कळतंय, असं म्हणणाऱ्यांना आपल्या मामाकडे निफाडला पाठव. डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली, लासलगावला लिलाव ठप्प, भाव कोसळले, आणि मग मार्चमध्ये बांगलादेशला ५० हजार टन आणि यूएईला १४,४०० टन द्यायला सरकारने परवानगी दिली, ती पण सरकारने ठरवलेल्या एकाच संस्थेमार्फत. कोणत्या देशाला किती माल द्यायचा हे परराष्ट्र धोरण नाही तर काय आहे? मामा तेव्हा चांदवडला हायवेवर जाऊन बसला होता. त्याला कोणी देशद्रोही म्हटलं नाही, काकांनी तर त्याचे फोटो स्टेटसला ठेवले होते. मग तुलाच का?

फक्त एक कर, विचारताना तयारीने विचार. मंत्रालयाचं निवेदन मुळातून वाच, चॅनेलने त्याचं काय केलं ते वाचत बसू नको. लोकसभेतली प्रश्नोत्तरं साइटवर असतात, ती काढ. सैन्य कुठे हलतंय, कुठलं विमान कुठे उतरलं असलं काही कधी विचारू नको आणि टाकू नको, ते गुपित राहिलंच पाहिजे. पण युद्ध का, कोणाशी मैत्री का, खर्च किती, माणसं किती गेली, हे विचारायचा तुला हक्क आहे. सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्येच केदारनाथ सिंह खटल्यात सांगितलंय की सरकारवर कडक टीका करणं म्हणजे राजद्रोह नाही, हिंसेला चिथावणी नसली तर.

आणि ग्रुपवर परत ये. तू गेलीस की तिथे एकाच बाजूचं बोलणं उरतं आणि तुझी लहान भावंडं तेच वाचतात.

अजून एक. ६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ मध्ये तयार झाला, तो सरकारने आजपर्यंत जाहीर केलेला नाही, २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग बाहेर काढला तेवढाच. काँग्रेस आली, भाजप आली, कोणीच उघडला नाही. मी इथल्या खासदारांना पत्र लिहितेय की हा प्रश्न लोकसभेत विचारा. तू तुझ्या पुण्याच्या खासदारांना लिही. मसुदा मला आधी पाठव, शुद्धलेखन मी बघते.

तुझी,
आई