चित्रपटासाठी माजघर उभे करणाऱ्या सुतारमामांना

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

चित्रीकरण संपले त्या दिवशीच्या आवराआवरीत आपल्याशी नीट बोलणे झाले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण एवढेच, की पडद्यावर ते माजघर पाहणाऱ्याला त्यामागचे हात कोणाचे, हे एरवी कळणार नाही.

कोल्हापूरजवळच्या एका बंद गुऱ्हाळाच्या शेडमध्ये आम्हाला १९७०च्या सुमाराचे एका शिक्षकाचे घर उभे करायचे होते आणि कलाविभागाच्या वाट्याला आलेल्या पैशांत खऱ्या वाड्याचे भाडेही निघत नव्हते. मी आराखडा पुढे ठेवला, तेव्हा मापे विचारण्याआधी आपण विचारलेत, "या घरात म्हातारं माणूस कोण, आणि ते बसतं कुठं?" कला दिग्दर्शक म्हणून हा प्रश्न खरे तर मला पडायला हवा होता. आजीची जागा ठरली आणि तिथे डोके टेकण्याच्या उंचीवर भिंतीला तेलाचा डाग आला, येण्याजाण्याच्या वाटेवरचा उंबरठा आपण पटाशीने आणि पॉलिश पेपरने मधोमध खोलगट केलात, चुलीमागची काजळी वर जाताना पसरत गेली. नवा पांढरा चुना कॅमेऱ्यात फार उजळ दिसतो, म्हणून त्यात पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीची पूड, किती मिसळावी, हे आपण चार फळ्यांवर रंगवून, वाळवून मला दाखवलेत.

बारा बाय चौदा फुटांच्या खोलीत कॅमेरा मागे घ्यायला जागा उरत नाही, त्यामुळे एक भिंत सुटी हवी होती. प्लायचे फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचे तयार तुकडे, खिळ्यांनी जोडून काम लवकर उरकावे, असा माझा आग्रह होता; आपण मात्र पाइनच्या चौकटींना नटबोल्टच लावलेत, मागे तिरके टेकू दिलेत आणि त्यांच्या पायाशी वाळूची पोती ठेवलीत. ती भिंत एका दिवसात आठ वेळा निघाली आणि पुन्हा बसली, पण सांध्यावर एकही चीर दिसली नाही.

वळिवाने शेड गळली, त्या रात्री आपण सायकलवरून आलात. दोन फ्लॅट तळाशी फुगले होते. एकाची पट्टी आपण बदललीत आणि दुसऱ्याचा फुगवटा तसाच ठेवून त्यावर ओलीचा डाग रंगवायला सांगितलेत. संकलन करताना ते दृश्य पाहिले, की मला ते घर सर्वांत खरे वाटते.

मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरोखर बांधलेले त्रिमितीय नेपथ्य त्यांनी आपल्या मूकपटांत वापरले, ते याच कोल्हापुरात. आपल्याला काम करताना पाहून त्या इतिहासाचा अर्थ मला प्रथमच नीट उमगला.

आपल्या मजुरीचा शेवटचा हप्ता पंधरा दिवस उशिरा पोहोचला. आपण एका शब्दानेही विचारले नाहीत, तरी ती चूक आमची होती आणि तिच्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते.

श्रेयनामावलीत आपले नाव कलाविभागात माझ्या नावाच्या लगोलग येईल. ते कसे लिहावे, हे कळवावे. माजघराची चौकट आणि उंबरठा मी मोडू दिलेला नाही. दोन्ही शेडमध्येच कोरड्या जागी ठेवले आहेत. आपल्याला हवे असल्यास टेम्पोने घरपोच करते.

आपली कृतज्ञ,
चित्रपटाची कला दिग्दर्शिका