उभ्या ट्रॉल्या आणि डांबरी रस्ता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सत्तावीस वर्षं मी रस्त्याच्या कामावर रोलर चालवला, म्हणून हे लिहितोय. आमच्या भागात गाळप सुरू झालं की कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. काट्यावर नंबर यायला कधी अख्खी रात्र जाते. तोवर भरलेली चाकं एकाच जागी उभी. मार्च लागला की तिथं वीतभर रुंद, चार बोटं खोल चाकोऱ्या पडतात आणि कडांना डांबर फुगून वर येतं. गेल्या आठवड्यात माझ्या पुतण्याच्या मोटारसायकलचं चाक रात्री त्याच चाकोरीत अडकलं. मनगट मोडलं त्याचं.

लोक म्हणतात, गुत्तेदारानं डांबर खाल्लं. कुठं खाल्लंही असेल, पण इथलं दुखणं वेगळं आहे. थंडीत सकाळी पिंप फोडून डांबराच्या ढेपेवर घण घातला की काचेसारखे टवके उडायचे, बोट कापायचं. तीच ढेप मे महिन्यात दगडावर ठेवून जेवायला गेलो, तर येईपर्यंत भाकरीसारखी पसरलेली असायची. झटका बसला तर फुटायचं, ओझं बसून राहिलं तर वाहायचं, हा डांबराचा स्वभावच आहे. माझी नात अभियांत्रिकीला आहे. तिनं सांगितलं, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात पार्नेल नावाच्या प्राध्यापकांनी १९२७ साली डांबरासारखंच पिच नरसाळ्यात भरून ठेवलं. हातोडीनं फुटणारं ते पिच २०१४ पर्यंत नऊ थेंब गळलं!

धावती ट्रॉली क्षणात पुढं जाते, दबलेलं डांबर बरंचसं परत उठतं. उभी ट्रॉली त्याला उठू देत नाही. त्यात हवा ४२ अंशांवर गेली की काळा रस्ता साठीच्या पुढं तापतो. पुढं फुगलेल्या कडा उन्हानं वाळून कडक होतात, तडकतात. मृगाचं पाणी भेगांतून खडीखाली उतरतं, की झाला खड्डा. ऑक्टोबरात त्यावर पुन्हा तेच कारपेट.

रांगेच्या पट्ट्यापुरतं तरी काँक्रीट करा. तेवढा निधी नसेल तर व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराऐवजी व्हीजी-४० हे जास्त घट्ट डांबर वापरा. टोलनाके, ट्रकतळ अशा जागांसाठी तेच सुचवलेलं आहे. कारखान्यानंही ट्रॉल्यांसाठी रस्त्याबाहेर मुरमाचं मैदान करावं. रांग अजून पंधरा दिवस राहील. अभियंता साहेबांनी एकदा दुपारी दोनला येऊन चाकाखालची जागा बघावी. मी बरोबर येईन.

आपला,
एक निवृत्त रोलरचालक, जि. बीड