मागील मोकळी जागा पेव्हर ब्लॉकने झाकण्याच्या प्रस्तावाबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य

विषय: मागील मोकळ्या जागेच्या प्रस्तावाचा फेरविचार करण्याबाबत

महोदय,

आगामी सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत इमारतीमागची मातीची जागा पेव्हर ब्लॉकने झाकण्याचा प्रस्ताव आहे. पावसाळ्यात तेथे चिखल होतो आणि वाहने लावायला जागा अपुरी पडते, या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत; तरीही हा प्रस्ताव आहे त्या स्वरूपात मंजूर होऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मी सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. उन्हाळ्यात रात्री अकरा वाजताही पश्चिमेची भिंत हाताला गरम लागते आणि नळ सोडला की आधी ऊन पाणीच येते. स्लॅब, भिंती आणि डांबर दिवसभर उष्णता साठवतात व सूर्य मावळल्यावर ती सावकाश बाहेर सोडतात, त्यामुळे शहर आणि भोवतालचा मोकळा प्रदेश यांच्या तापमानातला फरक रात्री अधिक जाणवतो. ब्रिटिश हवामान अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी ही गोष्ट लंडनच्या तापमानाच्या नोंदींवरून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. आपण मात्र अजूनही उघडी माती म्हणजे अपुरे राहिलेले काम समजतो.

वास्तविक ही माती हाच आपल्या आवारातला गारव्याचा साठा आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना विजेच्या सुमारे दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता शोषली जाते, आणि ओलसर जमीन व झाडांची पाने हेच काम सतत करत असतात. १०० चौरस मीटर जागेवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० लिटर पाणी मिळते. ब्लॉक बसवले की त्यातले बहुतेक पाणी थेट गटारात जाईल, जमीन कोरडी पडेल आणि वाफ व्हायला पाणीच उरले नाही की सगळे ऊन हवा आणि फरशी तापवण्यातच जाईल.

प्रवेशद्वाराजवळच्या झाडाकडे आपण एकदा थांबून पाहावे. मागच्या कामात ब्लॉक अगदी खोडाला भिडवले गेले. आता मुळांनी ते वर उचलले आहेत आणि रस्त्याकडच्या फांद्या वाळल्या आहेत. मी गेल्या आठवड्यात तेथे बादलीभर पाणी ओतले, तर ते मुळाशी न जिरता उतारावरून वाहून गेले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपण तेवढी जागा आदेशाची वाट न पाहता मोकळी करावी आणि खाली पडणारा पालापाचोळा कचऱ्यात न देता आळ्यातच पसरावा, म्हणजे दिलेले पाणी अधिक दिवस टिकेल.

चिखलावर उपाय म्हणून येण्याजाण्यापुरती फरश्यांची पायवाट करता येईल. वाहनांसाठी चाकांखालचे दोन पट्टे पुरेसे आहेत, किंवा मधल्या पोकळीत गवत उगवणारे ब्लॉक वापरावेत. संपूर्ण जागा झाकण्याची गरज मला दिसत नाही.

गच्चीच्या गळतीचे कामही याच वर्षी आहे. तेथे काळा डांबरी थर उघडा न ठेवता त्यावर ऊन परावर्तित करणारा पांढरा लेप द्यावा. धूळ बसली की त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून उन्हाळ्यापूर्वी गच्ची धुण्याचे काम देखभाल करारात लिहून घ्यावे. एसीची बाहेरची युनिट अरुंद डक्टमध्ये बसवण्यास यापुढे परवानगी देऊ नये, कारण त्यांतून निघणारी गरम हवा तेथेच कोंडते आणि शेजारच्या खिडक्यांतून घरात शिरते.

सभेपूर्वी समितीने एकदा दुपारी तीनच्या सुमारास समोरच्या ब्लॉकवर आणि नंतर मागच्या झाडाखालील मातीवर उभे राहून पाहावे, आणि ठराव त्यानंतरच मांडावा. झाडांची आळी करणे आणि उन्हाळाभर त्यांना पाणी घालणे, ही जबाबदारी मी लेखी स्वीकारण्यास तयार आहे.

आपला विश्वासू,
एक सभासद